शर्लीचे सात झेंडे

१५ फेब्रु., शनि.

वाट लागली. कॉलिनचं सैन्य पांढरं पडलं. एकशे शहाऐंशी शिशाचे शिपाई, सात झेंडे. सगळ्यांवर साय धरल्यासारखा पांढुरका थर.

सकाळी गॅरेजचं दार उघडं टाकून मॅट वॉर्निशचा स्प्रे मारला. हेतू चांगलाच होता. चाळीस वर्षांपूर्वीचा रंग, टोप्यांचे, भाल्यांचे टवके उडालेले. स्पर्धेत पुन्हा दहा जणांचे हात लागणार, म्हणून वर एक संरक्षक थर. कॉलिनला विचारलं नाही. सरप्राइज द्यायचं होतं! जेवून परत आलो तर हे.

हवा इतकी दमट होती की टॉवेल वाळत नव्हते. डब्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय, दमट हवेत वापरू नका. आणि मी कोण, तर प्लांटमधल्या कोटिंग्ज लॅबचा माणूस. बारा वर्षं नव्या लोकांना शिकवतोय, पत्र्याला रंग लावण्याआधी दवबिंदू मोजा. स्वतःच्या गॅरेजमध्ये अक्कल कुठे गेली होती कोण जाणे.

मुग्धा डोकावली. "पिठीसाखर सांडलीस का रे?" मग तिने जवळ येऊन पाहिलं आणि म्हणाली, "प्रसन्न, हे कॉलिनचे ना?"

१६ फेब्रु., रवि.

झोप नाही.

नीट लिहून काढतो, म्हणजे डोकं चालेल. कॉलिन एकोणऐंशी वर्षांचा. ऑस्ट्रेलियात, या वॉलॉंगॉंगमध्ये मी नवा असताना, ऑफिसातल्या लोकांखेरीज ज्याने मला घरी बोलावलं तो पहिला माणूस. त्याच्या जेवणाच्या टेबलावर पहिल्यांदा हे शिपाई पाहिले आणि मी कायमचा कामातून गेलो. एकवीस वर्षं त्याने स्काउट हॉलमध्ये दर मार्चला टेबलावर शिपाई लढवण्याची स्पर्धा भरवली. सतरावं शतक, एक दिवस, तीन डाव, फासे आणि मोजपट्टी. मैत्रीची स्पर्धा. जिंकणाऱ्याला नुसत्या टाळ्या. बक्षीस म्हणजे शर्लीची जुनी चहाची किटली, ती ज्याच्याशी खेळायला सगळ्यांत मजा आली त्याला, सगळ्यांच्या चिठ्ठ्यांवरून.

शर्ली त्याची बायको. सहा वर्षांपूर्वी गेली. त्याच्या स्कॉटिश सैन्याचे सातही झेंडे तिने कागदावर हाताने रंगवलेले. प्रत्येकाची जमीन वेगळ्या रंगाची, वर तिरपी फुली, अक्षरं. तांदळाच्या दाण्याएवढी अक्षरं.

नोव्हेंबरमध्ये त्याने सगळा कारभार माझ्याकडे सोपवला. डोळ्यांनी दिसत नाही म्हणाला. घडीची टेबलं, त्यांवर मांडायच्या टेकड्या, झाडं, किटली, आणि हे सैन्य. "प्रॅझ, लुक आफ्टर देम." एवढंच म्हणाला होता. (प्रॅझ म्हणजे मी.)

आज संध्याकाळी त्याचाच फोन. एकदम खुशीत. सहा मार्चला मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. "आठ वर्षं शर्लीचे झेंडे मला धुक्यातून दिसतायत, मेट. आता नीट बघणार."

मी म्हटलं, ग्रेट न्यूज.

१९ फेब्रु., बुध.

एक भालाईत डब्यात घालून लॅबमध्ये नेला. लंच टाइममध्ये मायक्रोस्कोपखाली धरला. जे वाटलं तेच. वॉर्निश वाळताना ओल अडकली, बारीक बारीक खड्डे पडले, त्यात उजेड फुटतो आणि पांढरं दिसतं. खालचा रंग शाबूत आहे. खड्डे कशाने तरी भरले तर पुन्हा दिसेल.

कॉलिनचे डोळे उघडणार, आणि मोतीबिंदू मी सैन्याला करून ठेवलाय.

सुपरवायझर मागे उभा. "इज दॅट अ टॉय सोल्जर?" हो म्हटलं. कशाला लपवायचं.

२० फेब्रु., गुरु.

एक सुटकेची फट दिसतेय. कॉलिनचं सैन्य म्हणजे स्पर्धेचं स्पेअर सैन्य. खेळाडू विषम झाले तरच ते टेबलावर येतं, आयोजक ते घेऊन उरलेल्या माणसाशी खेळतो. आज नावं चौदा. सम! चौदा राहिले तर सैन्य डब्यातच राहील. विचारलं तर सांगेन, गरज पडली नाही. मग एप्रिल-मेमध्ये सावकाश दुरुस्ती.

मुग्धाला हा बेत सांगितला. ती भाजी चिरत होती. "म्हणजे खोटं बोलणार."

"खोटं नाही, उशीर."

"बरं," म्हणाली. तिचं 'बरं' मला चांगलं माहिताय.

२३ फेब्रु., रवि.

दिवस अर्धा चांगला, अर्धा काळा.

इंटरनेटवर रंगकाम करणारे सगळे एकच सांगतात, तेल. ऑलिव्ह ऑइल बोटाने चोळा, खड्डे भरतात. घरात ऑलिव्ह नव्हतं. मुग्धाने खोबरेलची बाटली आणून ठेवली. एका भालाईताला ब्रशने तेल लावलं आणि डोळ्यांदेखत निळी टोपी परत आली, गाल लाल झाले, बटणं दिसली. मी ओरडलोच. मुग्धा हसली, "दिवाळीची आंघोळ घालतोस की काय त्यांना!" इतका आनंद झाला की अक्कल पुन्हा गहाण पडली. तोच ब्रश लाल झेंड्यावर फिरवला.

झेंडा कागदाचा आहे. शिसं तेल पीत नाही, कागद पितो. भज्यांच्या कागदासारखा आरपार झाला. लाल रंग काळपट, अक्षरं पसरल्यासारखी, मागची बाजू पुढे दिसायला लागली. दोन मिनिटांत. शर्लीच्या हातचा झेंडा.

त्यानंतर काय केलं आठवत नाही. मुग्धा म्हणते मी गॅरेजमध्ये उलट्या बादलीवर नुसता बसून होतो. तिनेच तो झेंडा चिमट्याने सोडवला, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाल्कम पावडर ओतली, त्यात पुरून झाकण लावलं. "आईच्या पैठणीवर तेल सांडलं होतं तेव्हा असंच केलं होतं. उघडू नकोस रोज रोज. महिनाभर विसर."

पैठणी आणि हे एक आहे का? पण माझ्याकडे दुसरं काही नाही.

२५ फेब्रु., मंगळ.

बाकी सहा झेंड्यांना तेल नाही. टाकाऊ कागदावर आधी तीनदा करून पाहिलं (आता सुचतंय!), मग ग्लॉस वॉर्निशचा पातळ हात ब्रशने. जमलं. सहाही स्वच्छ. थोडे चकचकीत झालेत, पण रंग जसेच्या तसे.

सहा. सात नाहीत.

२६ फेब्रु., बुध.

तेरा झाले. न्यूकॅसलच्या माणसाच्या मेव्हणीचं लग्न. लग्न काय मार्चमध्येच करायचं असतं का?

विषम. म्हणजे स्पेअर सैन्य टेबलावर. ब्लॅकटाउनला नितीनला फोन केला. पुण्यात कॉलेजला बरोबर होतो, तो आता तिकडे आयटीत. दोन वर्षं मराठा सैन्य रंगवतोय, कधी कुणाशी खेळला नाही.

"ये रे. विनवणी करतोय."

"अरे पण माझे घोडे अजून बिनशेपटीचे आहेत."

"बिनशेपटीचे आण."

"तू इतका का रडवेला झालायस? मैत्रीची स्पर्धा ना ती?"

येतो म्हणाला. चौदा. हुश्श.

(नितीनला अजून कळत नाही की मी स्वीडिश सैन्य का खेळतो. महाराष्ट्र मंडळातही सगळ्यांना वाटतं प्रसन्नकडे मावळेच असणार. माझे स्वीडिश आहेत. बर्फातले. मला आवडतात. विषय संपला.)

१ मार्च, शनि.

मी आणि मु., दिवसभर अभ्यंग. तेल लावायचं, पाच मिनिटं थांबायचं, जुन्या सुती ओढणीने पुसायचं. तिने चेहऱ्यांचं काम घेतलं. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. मध्येच म्हणाली, "हा बघ, याला मिशी आहे. कुणी काढली असेल, कॉलिनने की तिने?" एकशे पंचाहत्तर झाले. दोन भाले मोडले, चिकटवले.

गॅरेजला नारळाचा वास. कुणी विचारलं तर काय सांगू?

शेवटी ती लाल कंपनी उरली. अकरा जण, मधल्याच्या हातात नुसती काडी.

"प्रसन्न, त्याला सांग."

"सांगतो."

"कधी?"

ऑपरेशन होऊ दे आधी. डोळ्यांना ताण नको. असलं काहीतरी बोललो. ती उठून आत गेली.

३ मार्च, सोम.

ठरवलं. नवा झेंडा करायचा. मी करू शकतो. हात आहे माझ्याकडे.

गेल्या वर्षीच्या स्पर्धेचे फोटो आहेत, माप आहे, डब्यातला मूळ झेंडा आहे. साडेपाचला उठून कामावर जाण्याआधी तास-दीड तास. जुना पिवळट कागद कॉलिनच्याच नियमांच्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानाचा घेतला. मुग्धा चहा ठेवून गेली, टेबलाकडे पाहिलंसुद्धा नाही.

५ मार्च, बुध.

लाल जमीन झाली. फुली झाली. अक्षरं उद्या. शर्लीचं एक अक्षर उलटं वळलेलं आहे, तेसुद्धा तसंच उलटं काढणार. डब्यातून मूळ काढून पावडर झटकून ताडून पाहिलं. अजून तेलकटच. दांड्याजवळच्या घडीत एक निळा डाग आहे. ब्रश पडला असेल तिच्या हातून. फोटोत दिसत नाही. तो गाळला. तेवढी तरी तिची चूक सुधारली म्हणायची.

पुन्हा पावडरमध्ये.

६ मार्च, गुरु.

झेंडा पूर्ण. चहाच्या पाण्याचा हात देऊन थोडा जुना केला. काडीला चिकटवला. सात झेंडे ओळीत उभे केले आणि लांबून बघितले. ओळखू येत नाही. मलाच येत नाही!

आनंद व्हायला हवा होता. सातही डब्यात घालून झाकण लावलं.

आज त्याचं ऑपरेशन. दुपारी त्याच्या मुलीचा पर्थहून मेसेज, छान झालं.

८ मार्च, शनि.

कॉलिनकडे गेलो. मुग्धाने बटाटेवडे दिले. ठरवून गेलो होतो की सांगून टाकायचं. गाडीत दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं, कॉलिन, आय हॅव डन समथिंग स्टुपिड.

दार उघडलं तेच, "प्रॅझ, तुझे केस पिकलेत! कधी?" मग हाताला धरून घरभर फिरवलं. किचनच्या भिंती पिवळ्या नाहीत, पांढऱ्या आहेत. बागेतल्या पक्ष्यांच्या पाण्याच्या भांड्याला तडा गेलाय, ते आज दिसलं. शर्लीचा फ्रिजवरचा फोटो काढून खिडकीशी नेला. तिच्या गळ्यातल्या मण्यांचा रंग त्याला विसरायला झाला होता. बोलता बोलता रडला, मग हसला, मग तीन वडे खाल्ले.

"सातही झेंडे आणशील ना? तिच्या खोड्या आहेत त्यात. प्रत्येकात एक. कधी दाखवल्या नाहीत, म्हणायची शोध. दोन सापडल्या होत्या, मग डोळे गेले."

कसल्या खोड्या? तर डोळा मिचकावला. "दॅट्स बिट्वीन मी अँड हर."

उलटी अक्षरं असणार. ती मी तशीच उतरवलीयेत. थोडा जीव भांड्यात पडला.

आणि निघताना दारात, "मी खेळणार आहे. माझ्या स्कॉट्सबरोबर. लिही माझं नाव."

सांगितलं नाही. त्या चेहऱ्यासमोर कसं सांगणार? कुणी सांगितलं असतं?

१० मार्च, सोम.

पंधरा. मी माझे स्वीडिश घेऊन बसलो की सोळा. सम-विषमचा सगळा खटाटोप पाण्यात गेला. ते सैन्य आता येणारच.

१६ मार्च, रवि.

बॅरीचा ईमेल. बॅरी म्हणजे आमचा नियमवाला. निवृत्त सर्व्हेयर, दर वर्षी येतो, दर वर्षी कुणाशी तरी भांडतो, किटलीच्या चिठ्ठीत त्याचं नाव आजवर एकदाही आलेलं नाही. या वेळी कुंपणामागे उभ्या शिपायाला अर्धं संरक्षण की पूर्ण, यावर दोन पानं. शिवाय डावाला घड्याळ लावावं अशी सूचना. मैत्रीच्या स्पर्धेत घड्याळ!

मी त्याच्यावर इतका चिडलो की पाच मिनिटं झेंडा विसरलो. आभारी आहे त्याचा.

२१ मार्च, शुक्र.

आज हॉलवाल्यांना फोन, चहाचं सामान, टेबलांची मांडणी कागदावर. जेवण जात नाही. मुग्धा म्हणाली, "तू बारीक झालास. एका कागदापायी."

"तो कागद नाहीये."

"मला माहिताय तो काय आहे. म्हणून तर म्हणते सांग. मला कुणी माझ्या आईच्या हातची खोटी वस्तू खरी म्हणून दिली ना, तर मी..."

तिच्यावर ओरडलो. मग सॉरी म्हटलं. दोन्ही वेळा तिने मान हलवली.

२८ मार्च, शुक्र.

अर्धी सुट्टी टाकून हॉल लावला. आठ टेबलं, हिरव्या चादरी, टेकड्या, कापसाचा धूर. कॉलिनने शिकवलं तसं प्रत्येक टेबलावर बिस्किटांची बशी, डाव सुरू होण्याआधी दोघांनी एकमेकांना द्यायची. किटली घासून खिडकीत ठेवली.

स्कॉट्स सगळ्यांत शेवटी मांडले. खोटा झेंडा मागच्या रांगेत, डाव्या कोपऱ्यात, सावलीत. माझं मलाच कळलं मी काय करतोय ते. तरी केलं.

२९ मार्च, शनि.

सोळाही आले. नितीन ब्लॅकटाउनहून पहाटे निघून पोचला, घोड्यांना शेपट्या लावून. हॉलभर सगळ्यांना भगवा झेंडा दाखवत फिरत होता.

कॉलिन साडेनऊला. नवा निळा शर्ट. खिशात भिंग. टेबलापाशी गेला आणि वाकून एकेक रांग बघितली. मी चहाच्या टेबलामागे, हातात साखर. मग म्हणाला, "कोणी धुतलं यांना?"

मी म्हटलं, थोडं साफ केलं. तेलाने.

"नारळाचा वास येतोय." आणि हसला. मुग्धा चहा ओतत होती, तिने माझ्याकडे पाहिलं. हीच वेळ होती. तेवढ्यात नितीनने हाक मारली, त्याच्या टेबलाचा पाय निसटत होता. मी गेलो. धावत गेलो.

पहिला डाव, कॉलिन विरुद्ध बॅरी. मीच लावलेली जोडी नव्हती, चिठ्ठीत निघाली. वाटलं, मेलो, हा घड्याळ काढणार. आणि कॉलिन तर खेळतच नव्हता. फासे टाकायचा, एक कंपनी सरकवायचा, मग तिचा झेंडा उचलून भिंगाखाली. नाक टेकवून. मग एकदम हॅ हॅ करून हसायचा आणि ठेवून द्यायचा. निळा झेंडा, हसला. पिवळा, हसला. बॅरी हाताची घडी घालून उभा. एकदाही बोलला नाही. बाकीच्या टेबलांवर दुसरा डाव सुरू व्हायची वेळ झाली तेव्हा मी जाऊन हळूच म्हटलं, वेळ होतेय. तर बॅरी माझ्यावर डाफरला, "लीव्ह हिम बी."

लाल झेंडा शेवटी. माझ्या टेबलावरून दिसत होतं. मी स्वीडिश घोडदळ कुठे पाठवतोय तेही कळत नव्हतं. त्याने भिंग धरलं. उलटं अक्षर बघितलं असणार. दांड्याकडे गेला, घडीकडे, परत अक्षरांकडे. पालथा केला. चष्मा काढून पाहिलं, खिडकीशी नेऊन पाहिलं. हसला नाही.

संध्याकाळी किटलीच्या चिठ्ठ्या. बॅरीला नऊ मतं! सगळ्यांनी बघितलं होतं. त्याला काय करावं कळेना, किटली उलटी धरून "आय डोंट इव्हन ड्रिंक टी" म्हणाला. नितीन सगळे डाव हरला आणि सगळ्यांत जास्त खूष.

आवरताना कॉलिन आला. लाल झेंड्यावाला शिपाई रुमालात गुंडाळलेला. "बाकीचं सैन्य आता स्पर्धेचं. तुझ्याकडेच राहू दे. हा एक मी नेतो, चालेल? सहा सापडल्या. याच्यातली सापडत नाही. घरी चांगल्या उजेडात शोधतो."

म्हटलं, अर्थात चालेल, तुझाच आहे.

गाडीत मुग्धाने खिडकीकडे तोंड फिरवलं.

३० मार्च, रवि.

सगळ्यांचे मेसेज. बेस्ट इयर येट. वेल डन प्रॅझ. फोन उलटा ठेवलाय.

तो काय शोधतोय?

२ एप्रिल, बुध.

कामात लक्ष नाही. आज एक सॅम्पल चुकीच्या ओव्हनमध्ये.

सहाही झेंडे माझ्याकडे आहेत, मला भिंग घेऊन बघता येईल. बघत नाही. बघितलं तर कळेल.

५ एप्रिल, शनि.

मुग्धाने श्रीखंडाचा डबा सकाळी टेबलावर आणून ठेवला. "महिना झाला. बघ."

पावडरचे गोळे झाले होते, तेल पिऊन. झेंडा काढला, मऊ ब्रशने झटकला. पैठणीवाल्या सासूबाईंना नमस्कार! कागद पुन्हा कागद झालाय. लाल पूर्वीसारखा नाही, कडेला थोडी छटा राहिली, पण अक्षरं सुटी झाली. वाटलं, आता हा नेऊन देतो, सगळं सांगतो, निदान खरा झेंडा तरी हातात आहे.

मग दांड्याजवळची घडी उलगडली. निळा डाग.

डाग नाही. पक्षी आहे. मोहरीएवढा. निळं डोकं, शेपटी वर, दोन काड्यांसारखे पाय. निळी रेन म्हणतात तो इथला इवला पक्षी. कॉलिनच्या बागेतल्या भांड्यावर येते तीच. एकच केस असलेल्या ब्रशने काढली असणार, त्या बाईने.

बाकीचे सहा झेंडे काढले. प्रत्येकात एक. एकात फुलीच्या मागून डोकावतेय. एकात 'ओ' अक्षराच्या पोटात बसलीय. एकात नुसती शेपटी.

म्हणजे सहा वेळा हसला तो यांना बघून. आणि सातवीसाठी घरी खिडकीशी बसलाय. नवा डोळा, भिंग, आणि माझा झेंडा. ज्यात ती नाहीच. मी गाळली. चूक समजून!

मुग्धाने भिंग घेतलं, बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी ब्रश घेऊन बसलो होतो. विचार असा की कॉलिनकडे जायचं, गप्पांत तो चहा करायला आत गेला की खोट्याच्या जागी खरा. त्याला सापडेल, तो हसेल, संपलं. किंवा त्याहून सोपं, खोट्यातच एक निळा ठिपका. दोन मिनिटांचं काम.

ब्रश धुऊन ठेवला.

६ एप्रिल, रवि.

सकाळी साडेआठला त्याचा फोन. आवाज थकलेला, पण कुरबूर नाही.

"अजून नाही सापडली, मेट. आठवडा झाला. खिडकीशी बसतो, मान अवघडते. एक विचारू? तुझे डोळे तरुण आहेत. येतोस? दोघं मिळून शोधू."

येतो म्हटलं.

"शी वॉज अ क्लेव्हर गर्ल," म्हणाला. "या एकात तिने मला फारच सतावायचं ठरवलं होतं बहुतेक."

मुग्धा दारात उभी होती, सगळं ऐकलं. म्हणाली, "मी येऊ बरोबर?" नको म्हटलं. मग तिने वडे भरले नाहीत, काही नाही. श्रीखंडाचा डबा कोरडा पुसून, तळाशी कापूस घालून, त्यात लाल झेंडा ठेवून माझ्या हातात दिला. झाकण लावलं नाही.

डबा शेजारच्या सीटवर आहे. त्याच्या गल्लीत गाडी उभी करून हे लिहितोय. इथून त्याची खिडकी दिसते. तो बसलाय, डोकं खाली घालून, भिंग लावून. माझी गाडी अजून दिसली नाही त्याला. वाक्य तेच आहे, कॉलिन, आय हॅव डन

मान वर केली त्याने. हात हलवतोय.